डुक्कर हसत नव्हतं

...नाही, पण मला एक सांगा, पूजेला मांडलेलं डुकराचं मुंडकं हसतंय की नाही हे बघणं दिग्दर्शकाचं काम आहे का? दिग्दर्शकानं कॅमेरा बघायचा, नट बघायचे, आभाळ बघायचं, की बाजारात जाऊन डुकरांची तोंडं न्याहाळत बसायचं? बसा ना, बसा, रस्सा उकळतोय अजून, आत्ता खाल्लात तर जीभ पोळेल, तोवर ऐका... नाहीतरी आमच्या खानावळीत आलेला माणूस हे ऐकल्याशिवाय सुटत नाही. बायको म्हणते, "अहो, गिऱ्हाईक तुटतं ते रश्शामुळे नाही, तुमच्या तोंडामुळे." कुम-रान तिचं नाव. ती बघा तिकडे, मुळ्याचं किमची कापतेय आणि आपलं लक्षच नाही असं दाखवतेय. सगळं ऐकते!

तर तुम्हाला सांगतो, वीस वर्षांपूर्वी मी सिनेमा काढला. हो, मी! हा एप्रनवाला! 'मिठागराची सून'. भुताचा. आठवतो? नाही ना? कुणालाच आठवत नाही, आणि ज्यांना आठवतो ते हसतात, आणि भुताच्या सिनेमाला लोक हसले म्हणजे दिग्दर्शकानं कुठं तोंड लपवायचं... आणि का हसले? सिनेमा वाईट होता म्हणून? छे! डुक्कर हसत नव्हतं!

आपल्या कोरियात शूटिंगच्या पहिल्या दिवशी मुंडकं मांडायचं, तांदळाची दारू ओतायची, सगळ्यांनी वाकायचं, डुकराच्या तोंडात नोटा खोचायच्या, आणि मुंडकं हसरं हवं, नाहीतर सिनेमा बुडतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण आमचा निर्माता मोक, तो घेऊन आला स्वस्तातलं. ओठ खाली ओघळलेले, कपाळाला आठ्या, जणू भावानं आत्ताच जमीन लाटलीय! मी म्हटलं, "मोक, हे डुक्कर हसत नाहीये." तर तो काय म्हणतो? "अरे दोंग-चान, तुझा सिनेमा भुताचा, त्यानं कशाला हसायचं? आणि डुक्कर ते डुक्कर, त्याला काय हिरोचं काम द्यायचंय?" झालं. वाकलो. काय करणार, पैसे त्याचे.

मग बघा हं एकेक. मोकच्या मामाचं मिठाचं कोठार फुकट मिळालं म्हणून शूटिंग मिठाच्या कोठारात. आता भूत मिठाला भितं की नाही? मर्तिकाहून आलं की दारात मीठ टाकतो की नाही आपण? मलाही माहीत होतं हो, पण फुकट जागा म्हटल्यावर माणसाला सगळं आठवतं का? एका पेपरवाल्यानं लिहिलं, 'जगातलं पहिलं भूत, जे विषाच्या बरणीत बिऱ्हाड करून राहतं.' बिऱ्हाड करून! पुढे, भुताचं काम करणारी नटी पळाली. म्हणाली, "इथे थंडी आहे." फेब्रुवारीत समुद्राकाठी थंडी असते, तिला कोण सांगणार! मग भूत कुणाला करायचं? कुम-रानला. उभी कर तिला, सोड केस, घाल पांढरे कपडे, आणि म्हण, "बाई, हिरोचा गळा दाब." तिनं दाबला. छान दाबला, तिला सवय... नाही, म्हणजे हात मजबूत आहेत. पण दाबता दाबता तिनं काय करावं? मनगटावरच्या घड्याळात बघितलं! भुतानं! गळा दाबताना! का, तर लेक शेजारणीकडे ठेवलेली आणि शेवटची बस सुटायची वेळ. आणि घड्याळ तिच्या हातात राहिलंच कसं? "तुम्ही काढायला सांगितलं नाहीत," म्हणते. बरं, पुन्हा घ्यावं म्हटलं तर मोक ओरडतो, "रीळ संपलं!" आणि शेवटच्या दृश्यात, एवढी शांतता, हिरो लपलाय, भूत त्याच्या मागे येतंय, येतंय... आणि शिंकलं! आच्छी! अख्खं थिएटर लोळलं. माणसं खुर्च्यांवरून घसरली. एक म्हातारा मागून ओरडला, "देव भलं करो सूनबाई!"

आता तुम्हीच सांगा, हे सगळं माझ्या डोक्यातून आलं असेल? एका माणसाच्या डोक्यात एवढं मावतं का? हा पनवतीचा खेळ होता. डुक्कर हसत नव्हतं!

पुढे मला कुणी कॅमेऱ्याजवळ उभं केलं नाही. कुम-राननं इथे इन्चॉनला खानावळ काढली, आणि नशिबाचा चावटपणा बघा, कशाची? डुकराच्या रश्शाची! रोज सकाळी मुंडकी येतात. आणि तुम्हाला सांगतो, सगळी हसतात! एकजात! गाल वर, डोळे मिटलेले, जणू वराकडची मंडळी जेवून पहुडलीयत. सिनेमावाले माझ्याकडून घेऊन जातात पूजेला, "सर, तुमच्याकडची काय प्रसन्न असतात हो!" तेव्हा कुठे होतात रे गधड्यांनो? मला एक, फक्त एक हसरं मिळालं असतं, तर आज मी...

बरं. गेल्या वर्षी एक पोरगी आली. केस बारीक कापलेले, पाठीला पिशवी. कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मी मिन यू-रिम. लहानपणापासून तुमचा सिनेमा बघत आलेय. पाठ आहे मला." मी म्हटलं, चेष्टा करायला आली. म्हटलं, "रस्सा-भात हवा की नुसता रस्सा?" तर म्हणते, "सर, मी तुमच्या सिनेमाच्या आधीची गोष्ट काढतेय. सून भूत होण्याआधीची, जिवंत होती तेव्हाची." मोकनं नाव विकलं होतं तिला! माझ्या सिनेमाचं नाव, आणि मला पत्ता नाही! आणि पोरगी डोळे चमकवत म्हणते, "पूजेचं मुंडकं तुमच्याच हातून हवंय. आशीर्वाद म्हणून."

आता माझ्या जागी तुम्ही असता तर? खरं सांगा! माझी सून, माझं कोठार, माझं हसं, आणि ही त्याच्यावर सिनेमा करणार? आणि समजा, समजा हं, तिचा चांगला झाला तर? तेच नाव, तीच जागा, तेच भूत घेऊन चांगला झाला, तर मग माझ्यात काय खोट होती, असं विचारतील की नाही लोक? लोकांचं सोडा, मी विचारीन! वीस वर्षं मी रात्री शांत झोपलोय ते एका डुकराच्या भरवशावर!

मी आत गेलो. त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मुंडक्यांमध्ये एक निघालं... ओघळलेले ओठ. कपाळाला आठ्या. हुबेहूब! मोकच्या डुकराचा नातूच म्हणा. मी कागदात गुंडाळायला घेतलं, तर मागून कुम-रान.

"अहो, हे कुठलं देताय?"

"ताजं आहे."

"ताजं आहे हो, पण तोंड बघा त्याचं."

"तोंड झाकलंय."

"लाज वाटत नाही? लेकीच्या वयाची आहे ती!"

"मग काय? मला दिलं तेव्हा मी काय म्हातारा होतो?"

दिलं. पोरीनं दोन्ही हातांनी घेतलं, पुन्हा वाकली. मी म्हटलं, जा. आता जगाला कळेल. हिचाही बुडू दे, म्हणजे सिद्ध होईल की दोष डुकराचा. वाईट नाही हो मी, मला फक्त पुरावा हवा होता!

आणि मग पहिल्या खेळाचं आमंत्रण आलं. मी कोट घातला, कुम-राननं लग्नातलं ब्रोच लावलं. मी तर तयारीनंच बसलो, कुठे हसायचं, किती मोठ्यानं हसायचं...

सिनेमा सुरू झाला. नवी सून मिठागरावर येते. नवरा होडीवर जातो, जाताना तिला घड्याळ देतो, लग्नाचं. "भरतीच्या आत येतो." येत नाही. सासू म्हणते, हिचाच पायगुण. हिवाळ्यात तिला मिठाच्या कोठारात कोंडते. आणि सून तिथे मरते, तेव्हा सासू उंबऱ्यावर, भिंतीकडेनं, चारही बाजूंनी मीठ ओतते. ओततच राहते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... ती तिथे राहत नव्हती हो. तिला बाहेर पडताच येत नव्हतं! वीस वर्षं माझं भूत त्या कोठारात होतं आणि मला, मला, दिग्दर्शकाला, माहीत नव्हतं की ते अडकलंय!

आणि ती सून अंधारात सारखी घड्याळ बघते. मेल्यावरही बघते. शेजारी कुम-रान मुसमुसायला लागली. "अहो, मी बसची वेळ बघत होते हो... लेक वाट बघत होती माझी." मी म्हटलं, गप्प बस, लोक बघतायत. माझाच आवाज चिरका आला.

आणि ती शिंक, सून मरायच्या आधीची. सून कोठारातून एकदाच पळून जाते, होड्यांच्या खोपटात वल्ह्यांमागे लपते, सासू कंदील घेऊन शोधत येते, पावलं जवळ येतात, लांब जातात, सासू दारातून बाहेर पडतेय, पडतेय... आच्छी! कुणी हसलं नाही. एकही माणूस नाही. माझ्या पुढचा दांडगा पोरगा आईचा हात धरून बसला. तीच शिंक! माझी शिंक! तेव्हा लोळले होते सगळे!

संपल्यावर टाळ्या, आणि यू-रिमनं मला स्टेजवर बोलावलं. म्हणते, "हे सगळं सरांनीच पेरून ठेवलं होतं. घड्याळ, मीठ, शिंक. मी फक्त उकरून काढलं." सगळं थिएटर माझ्याकडे बघतंय. आता काय सांगायचं? मामाचं कोठार फुकट होतं? रीळ संपलं होतं? मी गंभीर चेहरा केला आणि मान हलवली. खाली पहिल्या रांगेत कुम-रान तोंडावर रुमाल धरून हसत होती की रडत होती, देव जाणे.

तेवढ्यावर थांबावं ना तिनं? नाही! मागे पडद्यावर पूजेचा फोटो आला, आणि मधोमध, हे एवढं मोठं... ते. आठ्या घातलेलं! मी म्हटलं, संपलं. आता ही सांगणार. तर यू-रिम म्हणते, "आमची सगळी माणसं घाबरली होती, हे कसलं रडकं डुक्कर म्हणून. पण मला कळलं. सरांनी मुद्दाम निवडलं. भुताच्या सिनेमाला हसणारं डुक्कर कसं शोभेल?" आणि कडाडून टाळ्या! म्हणजे बघा, मी वैर केलं तरी ही पोरगी त्याचा आशीर्वाद करून मोकळी!

घरी जाताना कुम-रान म्हणाली, "मग? आता तुमच्या सिनेमाचं कुणामुळे झालं म्हणायचं?" हळूच म्हणाली, बरं का, टोचून नाही. ते जास्त लागलं. वीस वर्षं एवढं एकच कारण होतं माझ्यापाशी, हातात धरायला... तेही त्या पोरीनं नेलं, वाकून नमस्कार करून.

आणि पुढचं ऐका, आता त्या सिनेमाचा एवढा गवगवा झालाय की प्रत्येक सिनेमावाला येऊन म्हणतो, "सर, रडकं द्या! यू-रिमला दिलं तसं!" कुठून देऊ? रोज सकाळी टोपल्या उघडतो, एकेक तोंड वर करून बघतो. तुम्हाला सांगतो, एक मिळेल तर शपथ! कुम-रान म्हणते, "अहो, सोडा आता." सोडतो. पण रोज बघतोच. आणि रोज ती सगळी, मेली, गाल वर करून हसत असतात... माझ्याकडेच बघून.

घ्या, निवला रस्सा. मीठ लागलं तर वरून घ्या.