बीपी कोनाचं?

ऐका, माह्या मायची गंमत सांगतो. डॉक्टरनं तिले बीपीचं मशीन देलं होतं. घरी मोजलं का आकडा मोबाइलवरून थेट अकोल्याले डॉक्टरकडे जाये.

एक दिवस मी मंगरूळपीरले दुकानात, तं डॉक्टरचा फोन आला, "आईचं बीपी दोनशेच्या वर गेलंय, ताबडतोब दवाखान्यात न्या!"

जीव मुठीत धरून इंझोरीले घरी पोचलो, तं माय मजेत भाकरी थापून राह्यली.

"माय, चक्कर येऊन राह्यली काय?"

"मले काहून येईन? पट्ट्यानं हात दुखते, म्हनून आज जुबेदाच्या हाताले बांधला."

शेजारची जुबेदाचाची बाजूलेच हसत बसली होती. तिले तशीच गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. आठ दिवसांत ठणठणीत होऊन आली.

मग मी मायवर चिडलो, तं चाचीच आडवी आली, "खबरदार! तेरी माय ने लबाडी नही करी रहती, तो मै आज चाय पीती बैठती क्या?"