सांधलेल्या मानेच्या चपट्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जुनी काच संग्राहक मंडळाचे प्रमुख माननीय एव्हरेट इंगर्सोल, ज्यांच्या चर्चच्या सभागृहात आपण बसलो आहोत ते आदरणीय पाद्री हॅलोवेल, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती थेल्मा कॉर्सन, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला इथे उभं केल्याबद्दल मंडळाचे आभार मानावेत, की मंडळाला अवघडल्यासारखं झालं असेल म्हणून आधीच माफी मागावी, हे मला कळेनासं झालंय. थेल्माबाईंनी म्हणे सांगूनच टाकलं होतं, "बोलायला अमोसची डेल्फीन उभी राहणार असेल तर येते, नाहीतर मी आपली घरीच जेवेन." आता आतून खेकड्याच्या वड्यांचा वास यायला लागलाय. तेव्हा फार ताणत नाही.

बाहेरचे लोक आपल्याला हसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझे यजमानसुद्धा हसतात. म्हणतात, "तुमचं मंडळ म्हणजे पिणाऱ्यांच्या रिकाम्या चपट्या जमवणारे न पिणारे!" खोटं कसं म्हणू? आपल्या खापरपणजोबांनी कोटाच्या खिशात घालून नेलेल्या व्हिस्कीच्या चपट्याच त्या. पण साच्यात फुंकलेल्या त्या काचेवर एका अंगाला गरुड, दुसऱ्या अंगाला वॉशिंग्टन. कुठे जहाज, कुठे धान्यानं भरलेलं शिंग. निवडणुकीत कोण जिंकावं, कुठल्या विजयाची फुशारकी मारावी, हे त्या माणसांनी घोटाघोटानं ठरवलं असणार. आणि ती काच फुंकली कोणी? इथल्याच वाळूतून, इथल्याच पाइनच्या लाकडावर, आपल्याच माणसांनी. मग ती आपण जपायची नाही तर कोणी?

थेल्माबाईंनी ती जपली. आपलं छोटंसं काच संग्रहालय त्यांनी तीसेक वर्षं चालवलं. छप्पर गळायचं तेव्हा बादल्या स्वतः लावल्या. चपटी कशी उचलावी हे इथल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं. एका हातानं मानेला धरून उचललीत की ओरडायच्या, "मांजराचं पिल्लू आहे का ते?"

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे.

माझे वडील अमोस सूई, या मंडळाचे संस्थापक. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्यांचं. तुमच्यापैकी कितीतरी जणांना संग्रहाचा नाद त्यांनीच लावला, आणि पुष्कळांची पहिली चांगली चपटी त्यांच्याच हातून आली. ते गेले तेव्हा याच सभागृहात बसायला जागा नव्हती. नंतर मंडळानं ठरवलं, की त्यांचा संग्रह संग्रहालयात एका दालनात मांडायचा आणि दालनाला त्यांचं नाव द्यायचं. मी किती मिरवले असेन, ते तुम्ही पाहिलंत.

संग्रह तपासायला थेल्माबाई आमच्या घरी आल्या. पडदे ओढले, आपला तो जांभळ्या उजेडाचा दिवा लावला आणि एकेक चपटी त्याखाली धरायला लागल्या. जुनी काच त्या उजेडात आपली मुकाट राहते. एक हिरवी गरुडाची चपटी मात्र राहिली नाही. तिची मान दुधासारखी पांढरीफटक उजळली.

थेल्माबाईंनी दिवा विझवला. "डेल्फीन, जरा बस."

"काय झालं?"

"ही मान काचेची नाही. राळेची आहे. तुटलेल्या चपटीला कोणीतरी नवी मान घडवून बसवली आहे. आणि हात फार चांगला आहे."

मी म्हटलं, "बाबांना कोणीतरी फसवलं म्हणायचं!"

त्यांनी चपटी जपून बाजूला ठेवली. मी तावातावानं तळघरात गेले, बाबांच्या कामाच्या टेबलावरची बाटली आणून त्यांना दाखवली. "बघा, राळ आमच्याकडेही आहे. बाबा गळाला लावायचे खोटे मासे बनवायचे तिच्यानं." बाटलीशेजारी रंगांच्या डब्या होत्या, त्याही आणल्या. हिरवा, मधाचा, फिकट निळा. एवढ्या रंगांचे खोटे मासे मी आमच्या घरात कधी पाहिले नव्हते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या हातात त्या डब्या तशाच होत्या.

बाबांच्या कपाटातल्या बाकीच्या सगळ्या चपट्या अस्सल निघाल्या. मला हायसं वाटलं. थेल्माबाईंना वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मग बाकीच्या डब्यांतला रंग गेला कुठे? एव्हरेटनं अमोसकडून घेतलेली एक चपटी संग्रहालयात मांडायला दिलेली आहे. चल."

अध्यक्षसाहेब, तुमच्या त्या चपटीचीही मान उजळली.

बंधू-भगिनींनो, चुकीच्या मोहात माणूस पडतो, हे मी समजू शकते. पण चांगल्या चपट्या स्वतःच्या कपाटात ठेवायच्या आणि सांधलेल्या तेवढ्या मित्रांना विकायच्या? ज्यांच्या मुलांच्या लग्नात नाचलो, त्यांना? त्या दुपारी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसले होते मी. रस्त्यानं जाणाऱ्या कोणी हात केला तरी मान वर करवत नव्हती.

थेल्माबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मी कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण त्या दालनावर नावाची पाटी माझ्या हातून लागायची नाही."

त्यांनी मला एकदाही "असं कर" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्यांच्यावर उघड चिडता आलं असतं.

एप्रिलच्या सभेत मी उभी राहून सांगितलं. अध्यक्षसाहेब, तुम्ही त्या दिवशी टेबलावर मूठ आपटलीत. "मेलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या नावानं काहीही?" असं म्हणालात. त्याचा मला राग नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मग चपट्या तपासायचा तो शनिवार आला. बाबांकडून घेतलेल्या चपट्या तुम्ही मोज्यांत, टॉवेलांत गुंडाळून इथे घेऊन आलात. पडदे ओढले. थेल्माबाई दिवा धरून बसल्या, शेजारी मी. समोर टेबलावर बाबांचा सगळा संग्रह मांडला होता. सांधलेली निघेल त्यानं त्यातली एक अस्सल उचलून न्यायची, असं मी सांगितलं होतं. एकेक मान उजळत गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "अमोस मला कधी कॉफीचे पैसे देऊ द्यायचा नाही!" त्यावर दुसरं कोणी, "आता कळलं ना का ते?" सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना तोंड कुठे लपवावं ते कळेना.

कोणी सरळ उचलून नेली. कोणी माझ्याकडे न बघता नेली. कोणी नुसतं "असू दे" म्हणून घरी गेलं, आणि ते सगळ्यात जड गेलं.

शेवटी राहिले आपले दंतवैद्य लेम क्रेमर. बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र, माझे लेमकाका. मांडीवर लोकरीचा मोजा, त्यात चपटी. थेल्माबाईंनी हात पुढे केला तर म्हणाले, "तो दिवा इकडे आणायचा नाही."

मी म्हटलं, "काका, बघायला तर हवं."

"मला बघायला दिवा लागतो होय? आयुष्यभर लोकांच्या दातांत काय भरलं मी? राळच ना? घरी नेली त्याच दिवशी ओळखली."

"मग बाबांना बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो. दर वर्षी नाताळात तो जेवायला यायचा ना, तेव्हा मी मुद्दाम ही काढायचो, खिडकीशी उजेडात धरायचो. म्हटलं, आज बोलेल. तो नुसता म्हणायचा, 'जप हं तिला, लेम.'" काकांनी मोज्यावरून हात फिरवला. "त्यानं एकदा तोंड उघडलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं गं. पण त्याला वाटलं, मी सोडणार नाही. मित्राला मी असा वाटलो."

त्यांनी टेबलावरची एकही चपटी घेतली नाही. मोजा बगलेत धरून निघून गेले. आज ते आलेले नाहीत. त्यांचा पाय दुखतो, असं त्यांनी कळवलंय. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

त्या संध्याकाळी टेबल जवळजवळ रिकामं झालं होतं. मी खुर्च्या उचलत होते आणि वाटत होतं, हे गावच सोडून जावं. थेल्माबाईंनी दिव्याची वायर गुंडाळली आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात सभेला येशील ना?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"हेच आहे ना एक? हेच घेऊन ये. मी दारात उभी राहते."

आणि त्या खरंच दारात उभ्या होत्या. त्या महिन्यात, आणि नंतरच्या प्रत्येक महिन्यात. आत आल्यावर माझ्याशेजारी बसायच्या, आणि त्या बसल्या म्हणून मग आणखी एक-दोघं बसायला लागली. तुम्हाला कदाचित दिसलंही नसेल. मला दिसत होतं.

थेल्माबाई, उद्या तुम्ही ओरेगनला बहिणीकडे निघालात. तुम्ही संग्रहालयासाठी काय केलंत, ते अध्यक्षसाहेब माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी एवढंच सांगते, की तुमचा मला दोन वर्षांपूर्वी फार राग आला होता. आज तुम्ही जाणार म्हणून मला भीती वाटतेय. पुढच्या महिन्यात दारात कोणी नसेल. पण मी येणार आहे.

मंडळानं मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, पाद्रीसाहेबांनी सभागृह दिलं आणि आतल्या भगिनींनी वड्या गरम ठेवल्या, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला क्षमा करा. ही क्षमा मी माझ्यापुरती मागते आहे. वडिलांसाठी मागायची मला फार इच्छा होती, कागदावर लिहूनही आणलं होतं. पण ती मागायला त्यांना पुष्कळ नाताळ मिळाले होते, आणि ती मागणं त्यांचं काम होतं.

धन्यवाद.