पंपाच्या पेट्रोलवर साडेतीनशे किलोवॅट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा ग्लेनिस टॅरंट, व्यासपीठावर विराजमान असलेले नगरपालिकेचे पाहुणे, सत्कारमूर्ती लीथ गॅरो, त्यांच्या सहधर्मचारिणी नेरिडा आणि सॅलिस्बरीच्या या पत्र्याच्या सभागृहात चाळीस अंशांच्या उकाड्यात दोन पंख्यांच्या भरवशावर बसलेल्या सभासद मित्रांनो,

गेली बावीस वर्षे मी, ऑल्विन पेथरिक, या मोटार क्लबचा चिटणीस आहे. निरोपाची भाषणे माझ्याकडे येतात, कारण ती दुसऱ्या कोणाला नको असतात. हे एकोणिसावे. खरे सांगायचे तर आता उभे राहण्याचाही कंटाळा येतो. परंतु आजचे भाषण दुसऱ्या कोणाला करताच आले नसते.

लीथने एकतीस वर्षे मेन नॉर्थ रोडमागच्या दोन गाळ्यांत आपणा सर्वांच्या गाड्यांची इंजिने जुळवली. शर्यतीचे महागडे इंधन ओतून इंजिनातून ताकद काढणे कोणाला जमत नाही? शेजारची बाई मुलांना शाळेत सोडताना ज्या पंपावर थांबते, त्याच पंपावरच्या अठ्ठ्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलवर दोन टर्बोंची गाडी पळवणे, ही वेगळी विद्या आहे. म्हणूनच आपल्या स्पर्धेत त्या सकाळची पंपाची पावती पुढच्या काचेला चिकटवल्याशिवाय गाडी डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रुळांवर चढत नाही.

पाहुण्यांसाठी थोडे सांगतो. टर्बोने हवा कोंबायची आणि ठिणगी जरा आधी पाडायची, की ताकद वाढते. ठिणगी फारच आधी पडली, की पेट्रोल आपल्या मर्जीने भडकते आणि पिस्टनवर घाव बसतो. त्याला आम्ही ठोका म्हणतो. लीथ इंजिनाला मायक्रोफोन जोडी आणि हेडफोन लावून तो ठोका ऐके. दुसरा हेडफोन मालकाच्या कानांवर चढवल्याखेरीज तो गाडी सुरूच करत नसे. "इंजिन तुझं, तर त्याचं रडणंही तूच ऐक," असे म्हणे. आपला स्पिरो कालिनिस त्याला विचारी, "डॉक्टर, मुलगा आहे की मुलगी?"

हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात, स्पर्धेच्या दिवशी, माझी गाडी रुळांवर होती. तीन लिटरचे जपानी इंजिन, दोन टर्बो, आणि मालकाचे वय पंचाहत्तर. पंपाच्या पेट्रोलवर साडेतीनशे किलोवॅट या क्लबात तोवर कोणी काढले नव्हते. तो आकडा ओलांडणाऱ्याचे नाव मागच्या भिंतीवरच्या विक्रमांच्या फलकावर लागणार होते. मी बावीस वर्षे त्या फलकावर इतरांची नावे रंगवून घेतली आहेत, मित्रांनो. तीनशे एकतीस आले. लीथने ठिणगी अर्धा अंश आधी आणली. तीनशे चाळीस. पुन्हा अर्धा अंश. तीनशे सेहेचाळीस. दर फेरीनंतर तो माझ्याकडे वळून विचारी, काही ऐकलंस का? त्या वर्षी तो प्रत्येक मालकाला असे विचारू लागला होता. मला वाटले, वयाबरोबर आलेला हा शिष्टाचार असावा.

शेवटच्या फेरीत पडद्यावर तीनशे बावन्न उमटले. आणि इंजिन टिपेला पोचत असता, माझ्या कानांत, पत्र्यावर वाटाणे पडावेत तसे तीन आवाज झाले. एक नव्हे, तीन.

"ऑल्विन, काही ऐकलंस?"

"नाही."

लीथने हेडफोन काढला. मग म्हणाला, "बरं, मग राहू दे असंच," आणि त्याने लॅपटॉप मिटला.

फेब्रुवारीत, डोंगराच्या चढावर, ऐन उन्हात, माझ्या गाडीचा सहावा पिस्टन फुटला. लीथ गाडी ओढून न्यायला स्वतः आला. एप्रिलमध्ये त्याने कान तपासून घेतले. बारीक, उंच आवाज त्याच्या कानांना उरलेच नव्हते. पुढचे आपण जाणता. जूनच्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "ऑल्विनच्या इंजिनाचा ठोका मला ऐकू आला नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावू नये." त्याच आठवड्यात गाळ्यांना कुलूप लागले. तेव्हापासून आपल्यापैकी कित्येकांनी, चहाच्या टेबलाशी, बहिऱ्याने चिटणिसाचे इंजिन मारले, असे म्हटलेले मी ऐकले आहे. मी कोणाला अडवले नाही. जूनचे ते सभावृत्त मीच लिहिले, मीच वाचून दाखवले, आणि आपण ते एकमताने मंजूर केले.

लीथ, बस खाली. नेरिडा, कृपा करून त्याला बसव. मला हे वाक्य पुरे करू दे.

लीथला ऐकू येत नव्हते, हे खरे आहे. ते त्याला आतून उमगले होते, म्हणून तर तो विचारत होता. त्या दिवशी त्याने आपले कान माझ्या हवाली केले होते. त्या वर्षात त्याने आणखी अकरा गाड्या जुळवल्या. त्यांपैकी एकही फुटली नाही, कारण त्या अकरा मालकांनी त्याला खरे उत्तर दिले.

आज तो जातो आहे, ते योग्यच आहे. वय कोणाला चुकले आहे? परंतु तो इंजिन मारणारा म्हणून जाता कामा नये. अध्यक्ष महोदया, तो ठोका ऑल्विनने ऐकला होता, ही दुरुस्ती जूनच्या सभावृत्तात आजच्या तारखेने नोंदवावी, आणि जेवण वाढण्यापूर्वी त्या फलकावरून माझे नाव पुसावे. चिटणीसपदाचा राजीनामा मी आपल्यासमोर ठेवला आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, सकाळपासून शेगडीशी उभ्या असलेल्या स्पिरोचे आणि गॅरो दांपत्याचे मी आभार मानतो. बोलण्यात कोठे उणे-अधिक झाले असेल, तर सभागृहाने ते सांभाळून घ्यावे. माझ्या 'नाही' या त्या एका शब्दाची क्षमा मात्र सभागृहाने करू नये. तो अधिकार लीथचा आहे. आणि त्याने, आपल्या स्वभावाप्रमाणे, तो घाईने वापरू नये, एवढीच माझी विनंती आहे.