अभिमनभाऊंची फटफटी

…आणि वर लोक म्हणतात, "छंदच आहे हो त्यांना!" छंद? अहो, छंदापायी माणूस भजनं म्हणतो, कबुतरं पाळतो… अभिमनभाऊंनी गंज पाळला, गंज! तुम्हाला सांगतो, दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आमच्या नशिराबादचे हे केळीचे बागाईतदार, खाऊनपिऊन सुखी, घरात शेवंताबाईंसारखी सुगरण बायको… आणि एवढं असताना जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमागं पडलेली साहेबाची फटफटी बैलगाडीत घालून घरी आणली! शेजारी बसायला पाळणा जोडलेला, पाळण्यात बाभूळ उगवलेली. शेवंताबाई म्हणाल्या, "हाई काय शे?" भाऊ म्हणाले, "एकदा सुरू होऊ दे, मग बघ!"

झालं! ओसरीवर चाकं, देवघराखाली साखळी, इंजिन तर थेट माजघरात! गंज सुटेना म्हणून घासलेटात भिजवायला भगुणी घेतली, भगुणी पुरेनात म्हणून परात घेतली… कळण्याच्या भाकरीला घासलेटाचा वास, भरताला घासलेटाचा वास, पाहुणे चहा पिऊन विडी पेटवायला घाबरायचे! एक नट सुटायचा, दुसरा तुटायचा. भाऊंचे डोळे खोल गेले, बागेला पाणी द्यायचं भान नाही… कुणी विचारलं की तेच, "एकदा सुरू होऊ द्या, मग बघा!"

शेवटी शेवंताबाईंनी गाठोडं बांधलं. एरंडोल त्यांचं माहेर. "आते तिनासंगेच संसार करा! माले लेवाले येशात, ते हाईच गाडीवर या. बैलगाडी धाडशात ते मी बसनार नही!" न्यायला यायचं तर फटफटीवरच, अशी अट घालून गेल्या की हो!

आता मात्र भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस हौस होती, आता संसार त्या इंजिनात अडकला! स्वतः भाकरी थापायचे, ती स्वतःलाच खाववायची नाही. इंजिनापुढं बसून हात जोडायचे, "बाई, माझ्यासाठी नको, शेवंतेसाठी तरी सुरू हो!" रडले हो एकदा, भरल्या घरचा माणूस, फडक्यानं डोळे पुसले आणि तोंडभर काळं तेल!

आणि एका सकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी ढकलता ढकलता… फट्… फट्… फटफटफटफट! सुरू! कोंबड्या पत्र्यावर, म्हाताऱ्या घरात, भाऊ सुसाट एरंडोलच्या वाटेला! गाव सुटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं… थांबायचं कसं? अहो, सुरू करण्यातच एवढा जीव गेला, बंद करायचं कुणाला सुचणार? ब्रेक तर "नंतर बसवू" म्हणून ओसरीवरच राहिलेला!

एरंडोलात शेवंताबाई आवाज ऐकून दारात आल्या.

"शेवंते, आलो ग!"

"मंग थांबा ना!"

"थांबत नाही ग…" पुढचं वाक्य दुसऱ्या गल्लीत गेलं. वळसा घालून भाऊ परत आले, तर मेहुणा हिलाल रस्त्यात उभा, "पाव्हणा, उतरा, चहा ल्या!"

"पुढच्या फेरीला!"

शेवंताबाई तडकल्या, "इतली मिजास?" पण परत आले तेव्हा त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं. काळंठिक्कर, आणि त्यावरून पाण्याच्या दोन धारा. तशा पदर खोचून मागं धावल्या, "अरे, धरा रे कोणी त्यासले!" धरणार कोण? भाऊ गरगर फिरतायत, अख्खं एरंडोल ओट्यावर… आणि पेट्रोल संपलं. गाडी गप्प.

भाऊ हँडल धरूनच म्हणाले, "शेवंते, घरी चल. हिला भंगारात देतो."

बाई तडक घरात गेल्या. गाठोडं आणलं, पाळण्यात बसल्या. "गाडीवर लेवाले उनात ना? चला मंग!"

चला म्हणजे कसं? हिलालनं आपले बैल जुंपले, आणि संध्याकाळी वरात नशिराबादला पोचली.

सकाळी भाऊ हातोडा घेऊन फटफटी मोडायला बसले, तर शेवंताबाईंनी हातोडाच काढून घेतला. "भंगारमा? इतली आरामनी गाडी! फक्त ते इंजिन काढी टाका, भलतं बोंबलस!"

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी बघा… पुढं दोन बैल, पाळण्यात शेवंताबाई ऐटीत, आणि भाऊ सीटवर हँडल धरून, तोंडावर बैलाच्या शेपटीचे फटकारे खात. मुद्दाम कुणीतरी विचारतंच, "भाऊ, कशी चालते फटफटी?"

भाऊ समोरची नजर हलवत नाहीत. म्हणतात, "चालते की… चारा टाकला की चालते."