बोलका आरसा आणि झुंबरबाईचा बस्ता

आरसा : चेहरा दिसत नाही. कृपया डोक्यावरचे कापड काढा.

नाना : ऐकलंस? ऐकलंस ना, हेमांगी? सोनगीरहून बाई लेकाच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आली, आणि माझ्या दुकानात तुझी काच तिला पदर काढायला सांगते!

हेमांगी : नाना, तो चेहरा शोधतो हो. सापडला की काचेतच साडी अंगावर दाखवतो. घड्या मोडायला नकोत, ढीग नको. झुंबरअक्का, पदर जरासा मागे घ्या ना.

झुंबरबाई : कसा मांगे सारू व माय? तुना बाप आठेच उभा शे. गावना नात्यानी मना जेठ, मोठा दीर लागतस.

हेमांगी : एक मिनिटाचं काम आहे, अक्का.

झुंबरबाई : लगीन व्हयनं तवपासून त्यासना पुढे पदर पडू दिधा नही. आते तुना काचकरता पाडू?

नाना : अजिबात नको. बसा तुम्ही, झुंबरबाई. पण बसणार कुठे? गादी काढून टाकली ना या पोरीनं! माझ्या आजापासून गिऱ्हाईक गादीवर मांडी घालून बसायचं, आम्ही पुढ्यात साड्या टाकायचो, चहा व्हायचा, बस्ता व्हायचा. आता बठ्ठे, सगळेच उभे, तिकिटाच्या रांगेत असल्यासारखे.

हेमांगी : बरं, बोलूनही चालतो तो. अक्का, काय हवंय ते नुसतं सांगा त्याला.

झुंबरबाई : याले सांगू? ए भाऊ, बस्ता फाडाना शे.

आरसा : शाळेची दप्तरे शोधत आहे. फाटलेले दप्तर बदलायचे आहे का?

नाना : दप्तर! अगं, बस्ता फाडणं म्हणजे लग्नाची कापडखरेदी करणं, हे खानदेशातल्या शेंबड्या पोराला कळतं!

हेमांगी : त्याला हिंदीतला बस्ता माहीत आहे. शिकवते मी.

नाना : तू शिकवणार? तू याच गल्लीत वाढलीस ना? मग तुला कसा नाही आठवला हा शब्द?

हेमांगी : राहिला. चुकलं माझं. झालं समाधान?

नाना : नाही झालं. नीट ऐक. हा बस्ता हातचा गेला ना, तर उद्या सकाळी आरसा टेम्पोत आणि गादी जागेवर. आणि तू परत पुण्याला, सोडलेल्या त्या नोकरीवर. मला आणखी डोक्याला ताप नको.

झुंबरबाई : तू नि तुना बाप भांडत बसा. मी चालनी समोरना दुकानमा.

हेमांगी : थांबा, अक्का! नाना, तुम्ही बाहेर जा.

नाना : काय?

हेमांगी : ओट्यावर जाऊन उभे राहा, रस्त्याकडे तोंड करून. तुम्ही आत असेपर्यंत पदर खाली येणार नाही, आणि चेहरा दिसल्याशिवाय हा साडी दाखवणार नाही. जा ना, हात जोडते!

नाना : माझ्या दुकानातून मीच बाहेर! कमाल आहे. कुणी विचारलं तर काय सांगू?

हेमांगी : सांगा, वारा खातोय.

नाना : धुळ्यात? एप्रिलच्या दुपारी?

(नाना पुटपुटत बाहेर जातात.)

आरसा : नमस्कार. आपण दिसत आहात.

झुंबरबाई : दिसस म्हने! चाल, आते विहीनबाईनी साडी दखाड. अरे, मना आंगवर का दखाडस? विहीनबाई धरणगावले शे.

हेमांगी : जो समोर उभा असतो ना, त्याच्याच अंगावर दाखवतो तो.

झुंबरबाई : बस्तामा सोतासाठे कोन काय लेस व? नवरीनी साडी, मामीनी, नणंदासनी, विहीनबाईनी. जी आठे उभी ऱ्हास तिनी एक बी नही. इतली शिकनी तू, नि हाई नही समजनं?

हेमांगी : नाही समजलं! दोन वर्षं डोकेफोड केली आणि एवढं साधं नाही सुचलं. मग तुमची साडी कोण घेतं, अक्का?

झुंबरबाई : आते लगीनले विहीनबाई आनस. दिवाळीले भाऊ आनस. जी येस ती नेसस मी.

हेमांगी : आणि रंग?

झुंबरबाई : येस तो.

हेमांगी : म्हणजे स्वतःची साडी तुम्ही कधी...

झुंबरबाई : डोकं नको खाऊ. पुढली दखाड. पुढली. थांब! थांब व, मांगली आन. ती मोरपंखी.

हेमांगी : ही विहीणबाईंना?

झुंबरबाई : विहीनबाईले ऱ्हाऊ दे जराशी. ओ माय! मी हात हालाडा तं पदरबी हालस व!

हेमांगी : वळून बघा. पाठीवरूनही दिसेल.

झुंबरबाई : हाई मीच शे ना?

हेमांगी : तुम्हीच, अक्का.

नाना : हेमांगी! ऊन डोक्यात चाललंय माझ्या. झालं का तुमचं?

हेमांगी : अक्का, बस्त्याचं काय सांगू त्यांना? मी गादी टाकते. बाकी सगळ्यांच्या साड्या बसून बघू, चहा घेऊ.

झुंबरबाई : टाक गादी. बठ्ठा बस्ता आठेच फाडसूत. पन हाई मोरपंखी येगळी बांध. बस्तामा मिसळू नको.

नाना : अगं, येऊ का आत?

झुंबरबाई : त्यासले थांबा म्हन व. मना पदर खाले शे आजून.