भाऊजींची दक्षिण

...अहो, मान झोपेत नाही अवघडली, भाऊजींच्या पृथ्वीनं अवघडली! तुम्हाला सांगतो, भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, त्यांचं एकच पालुपद, "चाळीस वर्षं सपाटी बघायला पाणसळ लावतोय, पृथ्वी कधी गोल निघाली नाही!" बरं, नसेल निघाली, आपलं काय जातं? पण त्यांची लेक पार खाली दक्षिणेच्या देशात नर्स, ती बाळंत झाली, ताई बॅग भरून तयार, आणि हे दारात पाय रोवून उभे, "पृथ्वीच्या काठावर मी यायचा नाही!" आता मी पडलो चष्मेवाला, लोकांना दिसत नाही ते दाखवणारा... पण इथे मी बघू कुठे?

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आपल्याकडे तारे ध्रुवाभोवती फिरतात ना, इथले दक्षिणेकडच्या एका जागेभोवती फिरतात, तेही उलटे!" झालं! भाऊजींनी छत्री उघडली, आत खडूनं तारे काढले, गरागरा फिरवली, "दांडा एक, फिरणं एक, दुसरी जागा आणू कुठून?" ताई म्हणाली, "मग काय पोरगी खोटं बोलते?" लेक खोटं बोलत नाही, पाणसळही खोटं बोलत नाही... मी बघू कुठे?

मग जेवणाचं गोल टेबल झालं पृथ्वी, मधली मिठाची बाटली उत्तर ध्रुव, बाहेर चहूकडे दक्षिण, आणि आम्ही तिघं तीन खंड, टेबलाला पाठ करून! "समोर काय दिसतं?" ताईला कपाट, भाऊजींना खिडकी, मला नळ... आणि फोनमधून लेक म्हणते, "पण बाबा, तिन्ही खंडांतून दक्षिणेला तेच तारे दिसतात!" म्हणजे माझा नळ तिघांनाही समोरच दिसायला हवा की नाही? भाऊजी माझ्यावरच खेकसले, "मान वळव! खिडकी दिसते का बघ!" वळवली... कट्! अहो, मी बघू कुठे?

तेवढ्यात फोनमध्ये बाळ रडलं. भाऊजींनी हळूच छत्री मिटली. "मला शोधतंय का गं ते?" एवढंच बोलले... आणि बसले की विमानात!

आठवड्यानं भाऊजींचा फोन. "अरे, नातीला मांडीवर घेऊन अंगणात बसलो होतो. तारे खरंच फिरतात रे, त्या जागेभोवती, उलटे. चुकलं माझं." मला तर भरूनच आलं! म्हटलं, "म्हणजे भाऊजी, गोल ना?"

"छे! सपाटच. फक्त दोन आहेत."

म्हटलं, बरं, त्या दुसरीवर जेवण वेळेवर मिळतं ना?