सेन्सर गेलाय, ताई!

...नाही, गेला तर गेला, पण महिन्यात तीनदा? आणि तोही तोच? तुम्हाला सांगते, तो मेकॅनिक बॉनेट उघडतो, आत डोकावतो, फडक्याला हात पुसतो आणि कुणी जवळचं माणूस गेल्यासारखा आवाज काढून म्हणतो, "सेन्सर गेलाय, ताई!" पहिल्यांदा तर मी "अरेरे, कधी?" असंच विचारलं!

झालं असं की आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे... चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. वळणापलीकडून येणारी गाडी नुसत्या आवाजावरून ओळखायचे. हल्ली ऐकू कमी येतं. कमी म्हणजे किती, तर मी म्हणते, "बाबा, चहा झाला," तर ते म्हणतात, "कोण गेला?" पण कबूल करतील तर शपथ! "माझे कान ठणठणीत आहेत, तुमच्या जिभा जड झाल्यात!" असं म्हणणार. त्यात एके दिवशी आमच्याच गल्लीत एक टेम्पो मागे येत होता, हॉर्नवर हॉर्न, आणि हे निवांत त्याच्याच वाटेत उभे! दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

निघालो, तर अर्ध्या वाटेत गाडी बंद! ओढत नेली गॅरेजला. "सेन्सर गेलाय, ताई!" इवलासा अंगठ्याएवढा तो, इंजिन फिरतंय की नाही एवढंच सांगायचं त्याचं काम. त्याने सांगणं सोडलं की इंजिन बसलंच! बाबा तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. "हा इथे बसतो होय? आणि याच्या वायरचा प्लग असा निघतो?" मी मनात म्हटलं, बरं झालं, जीव रमला म्हाताऱ्याचा. रमला! केवढा रमला ते पुढे कळलं...

दुसरी वेळ घेतली. मधले आठ दिवस भाजी आणा, बँकेत जा, गाडी कशी लोण्यासारखी! आणि नेमकं दवाखान्याला निघालो, की दुसऱ्या गतिरोधकावर फुस्स! "सेन्सर गेलाय, ताई! आधीचाच खराब निघाला बहुतेक." पुन्हा नवा. बाबा म्हणाले, "बघ, गाडीलाच जायचं नाहीये." आणि हसले कसे, तर परीक्षा पुढे ढकलल्यासारखे!

तिसऱ्यांदा तर गाडी फाटकाबाहेर पडताच बसली. मेकॅनिक घरी आला, वाकला, आणि बोलेचना. मीच म्हटलं, "म्हणा, म्हणा, सेन्सर गेलाय!" तर त्याने तो प्लग नाकाशी धरला आणि म्हणाला, "ताई, सेन्सरला गुडघेदुखी कधीपासून?"

प्लग अर्धवट सैल केलेला, आणि त्याला मलमाचा घमघमाट! ते मलम सकाळ-संध्याकाळ चोळणारा माणूस आमच्या घरात एकच. मी वळून बघते, तर बाबा मागच्या चाकातली हवा तपासतायत. डोळ्यांनी!

भडकले मी. "बाबा, भर रस्त्यात बंद पडल्यावर मागून कुणी ठोकलं असतं म्हणजे?" हे मात्र ऐकू गेलं. बाबा फाटकाशेजारच्या जुन्या टायरवर बसले. मग हळूच म्हणाले, "अगं, इंजिन चालू झालं की नुसतं थरथरलेलं कळतं मला. आवाज येत नाही. मला माहितीये ते. पण डॉक्टरीणबाईंनी एकदा कागदावर लिहून दिलं, की मग ते खरंच झालं ना."

मेकॅनिक आपला तेच स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसतोय. मी टायरवर त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "कागद मी वाचीन. तुम्ही बघूच नका." मग बाबा उठले, स्वतः तो प्लग दाबून टक्कन बसवला आणि म्हणाले, "चल."

तपासणी झाली, कानात वाटाण्याएवढं यंत्र बसलं. परत येताना म्हणतात, "गाडी बाजूला घे, इंजिन चालूच ठेव, बॉनेट उघड." वाकले, डोळे मिटले, आणि उभेच राहिले ऐकत... पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणतात, "पट्टा कुरकुरतोय. आणि दुसऱ्या गिअरला तू क्लच पूर्ण दाबत नाहीस."

बस्स! तेव्हापासून सुरू! न्हाणीघरातला नळ ठिबकतोय, फ्रिज कण्हतोय, वरच्या मजल्यावरच्या काकू चपला घासत चालतायत... काल मी ओट्याशी अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाले, "म्हातारा कटकट्या झालाय," तर बाहेरच्या खोलीतून आवाज, "कटकट्या नाही, चौकस!"

आता मला कुणाला चार शब्द बोलायचे असले ना, की मी गाडीत जाऊन बसते, काचा वर करते... आणि तरीही इंजिन चालू ठेवावं लागतं!